नंदी पाठवा

भंडाऱ्याच्या कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली अर्जनवीसांची जी टेबलं आहेत, त्यातलं डावीकडून तिसरं माझं. कोणालाही विचारा! बावीस वर्षांत खुशालरावाच्या हातचा एक कागद परत आला नाही. शाई सांडली असेल, स्वल्पविराम हुकला असेल, पण अर्थ चुकला? नाव नको! आमची सुशीलाबाई म्हणते, "तुमच्या कागदाचा अर्थच कोणाले लागत नाही, मंग परत आणणार कोण?" बायकोच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. तिथंच चुकलं.

एकोणऐंशी सालची गोष्ट. जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरात राहणारा टिकाराम आणि आसगावच्या गोमाजीची मुलगी चंद्रकांता, या नवरा-बायकोचं फाटलं. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही नीट सांगता येत नव्हतं, पण माघार घ्यायला कोणीच तयार नव्हतं. ती माहेरी गेली, फारकतीचा दावा कोर्टात आला. साहेबांनी विचारलं, "मुलीचं काय?" मुलगी एकच, नंदा, वय वर्षं सात. आई म्हणाली, माझी. बाप म्हणाला, माझी. साहेब म्हणाले, "आधी दोघं मिळून ताब्याचं ठरवा, कागद करून आणा." आणि कागद आला माझ्या टेबलावर!

अडचण मोठी नाजूक होती. टिकाराम चाले फॅक्टरीच्या भोंग्यावर, गोमाजी चाले पंचांगावर. एकाचा पंधरवडा दुसऱ्याला कळेना. मी टाक बुडवला आणि लिहिलं, शुद्ध पक्ष आईकडे, वद्य पक्ष बापाकडे. चंद्र वाढू लागला की आई, झिजू लागला की बाप! आभाळातला चंद्र काही कोणाला खोडता येत नाही. मुलगी द्यायची-घ्यायची माझ्याच टेबलापाशी, आणि पावती मीच लिहायची. वर कलम पाच, खास माझ्या डोक्यातलं: 'जो पक्ष ठरल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी ताबा देणार नाही, त्याचा हक्क कायमचा संपुष्टात येईल.' संपुष्टात हा शब्द मला फार आवडतो. दोघांनी न वाचता सह्या केल्या.

दोन महिने छान गेले. मग एक दिवस टिकाराम तणतणत आला.

"खुशालभाऊ, तुम्ही तं मले पार बुडवलं! पंचमी तिकडं, गणपती तिकडं, दसरा तिकडं! माह्या वाट्याले काय? संकष्टी अन् पितर!"

"अरे, पोळा तुझ्याकडे आहे की!"

"पोळा बैलाचा असते जी! माही पोट्टी का बैल हाये? तिचा तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. अन् नेमका त्याच दिवशी तुमचा चंद्र बदलून राहिला!"

खरं होतं. पोळा अमावास्येचा. दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले लाकडी नंदी सजवून मिरवतात, दारोदार बोजारा म्हणून खाऊ-पैसे मागतात, तो तान्हा पोळा. तोवर शुद्ध पक्ष लागलेला! टिकारामनं दोन महिने खपून पोरीसाठी कमरेएवढा नंदी बनवला होता. चार चाकं, लाल शिंगं, गळ्यात घुंगरं. आणि तो ओढताना पोरगी त्याला दिसणारच नव्हती. बिचाऱ्याचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं, पण कागद तो कागद!

पोळ्याच्या आदल्या दिवशी गोमाजी बाजाराला आला. खांद्यावर झुली, हातात गोंडे.

"अर्जनवीसबुवा, जवायाले एक तार करा. आवस सरली का नंदी पाठवा म्हना. उशीर नाही पाहिजे."

आता नीट ऐका. आसगावात सारं गाव त्या पोरीला नंदी म्हणे. आई नंदी, आजी नंदी, गुराखीसुद्धा नंदी! जवाहरनगरात मात्र बाप तिला नंदाबाई म्हणायचा. तिथं नंदी म्हणजे फक्त तो लाकडाचा. मला हे दोन्ही माहीत होतं! तरी मी तार लिहिली: 'अमावास्या संपताच नंदी पाठवा.' खाली माझं नाव, माझ्या घरचा पत्ता. लोकांच्या तारा मी माझ्याच नावानं करतो, म्हणजे उत्तर गहाळ होत नाही. दोनदा वाचली. 'संपताच'वर खूश झालो.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मी मान खाली घालून एका फेरफाराचा अर्ज लिहीत होतो. कोणीतरी येऊन उभं राहिलं.

"मी इश्वर, टिकारामभाऊच्या शेजारचा. त्यानं नंदी पाठवला. पावती द्या जी लवकर, माही बस निघून राहिली!"

मी मान वर न करता पावती फाडली. 'नंदी ताब्यात मिळाली. खुशालराव.' सही, तारीख, शिक्का! इश्वर पळाला.

"बस बाई बाकावर," मी लिहिता लिहिता म्हणालो. "आई येतेच आता. गोळी खाशील?"

माझ्या आणखी दोन ओळी लिहून झाल्या.

"शहाणी गं माझी बाई! रडत नाही, काही नाही." असं म्हणून मी मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. शिंग टोचलं!

"अयायाया!" मी वर पाहिलं. समोर चार चाकांवर नंदी उभा. आणि माझ्या सहीची पावती बसनं जवाहरनगरला निघालेली. म्हणजे कागदोपत्री सात वर्षांची मुलगी माझ्या ताब्यात होती! बावीस वर्षांत पहिल्यांदा मला माझाच कागद परत हवासा वाटला.

तेवढ्यात गोमाजी आणि चंद्रकांता आलेच.

"नंदी कुठी हाये जी?" चंद्रकांतानं विचारलं.

मी बोट दाखवलं.

"हा नंदी झाला. माही नंदी कुठी हाये?"

"तार केली तसा आला! नंदी पाठवा म्हटलं, पाठवला!" मी म्हणालो.

"अवो बापा!" चंद्रकांतानं कपाळावर हात मारला. "पोट्टी मांगितली तं बैल देऊन राहिले!"

गोमाजी गरजला, "जवायानं पोट्टी दाबून ठेवली! चाला पोलिसात! कलम पाच! दिवस बुडू द्या, त्याचा हक्क... ते काय ते..."

"संपुष्टात," मी सवयीनं म्हणालो. चंद्रकांतानं असं पाहिलं की मी टाक खाली ठेवला.

चौकीत हवालदारानं वही उघडली.

"काय हरवलं?"

"नंदी," गोमाजी म्हणाला.

"वय?"

"सात."

"रंग?"

"सावळा," गोमाजी म्हणाला.

"पांढरा, वर लाल बुट्टे," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढं माझ्या ताब्यातला माल होता.

"खूण?"

"डाव्या पायाले तीळ हाये," चंद्रकांता म्हणाली.

"पायालाच चाकं आहेत," मी म्हणालो. मला गप्प राहणं जमत नाही.

हवालदारानं वहीत पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या नंदीकडं पाहिलं. "सापडलेली वस्तू संगं घेऊन हरवल्याची तक्रार देता? निघा! सणाच्या दिवशी डोकं नका खाऊ!"

मग आम्ही नंदीसकट जवाहरनगरची बस धरली. नंदी सोडून जाता येईना, त्याची पावती माझ्या नावावर!

कंडक्टर आडवा आला. "जनावर चालत नाही."

"लाकडाचं आहे!"

"मंग सामान हाये. टपावर टाका."

"सामान नाही, पुरावा आहे! कोर्टाचा!" मी छाती काढून म्हणालो.

"मंग पुराव्याचं अर्धं तिकीट काढा!"

नंदी मधल्या वाटेत उभा राहिला. एका म्हातारीनं त्याला कुंकू लावलं, दुसरीनं पाया पडून माझ्या हातावर खोबरं ठेवलं. मी खाल्लं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

क्वार्टरला कुलूप! शेजारची आनंदाबाई सूप घेऊन बाहेर आली.

"टिकारामभाऊ का? ते तं काल तार आली तशे नाचूनच राहिले होते. सासऱ्याचं मन मोठं, म्हने. पोट्टीच्या जागी नंदीच मांगितला, म्हंजे पोट्टी तान्ह्या पोळ्याले ठेवून घ्या म्हनते! साऱ्या लाइनीत पेढे वाटले. आज सकाळी पोट्टी उठली, तं नंदी नाही. तिनं जे भोकाड पसरलं! नंदी तिकडं तं मी भी तिकडं! मंग घेऊन गेले आसगावले."

म्हणजे आम्ही चौकीत तीळ आणि चाकं मोजत होतो तेव्हा बाप-लेक भंडाऱ्यातूनच पुढं गेले होते!

गोमाजीनं आभाळाकडं पाहिलं. "टेबलावर तं आणली नाही ना? दिवस बुडाला का जवाई बुडाला!"

"चुप बसा हो बाबा!" चंद्रकांता कडाडली. "माहं त्याच्याशी पटत नाही ते वेगळं. पोट्टीचा बाप हाये तो. तिले बाप पाहिजे. मले तिचा बाप नाही तोडायचा!" आणि पदरानं डोळे पुसून म्हणाली, "उचला तो नंदी!"

उचलला. मीच!

पुन्हा बस, पुन्हा अर्धं तिकीट. आसगावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस हातभर वर होता. बांधांवरून धावत सुटलो. पुढं चंद्रकांता, मागं गोमाजी, आणि सगळ्यात मागं डोक्यावर नंदी घेऊन मी! प्रत्येक पावलाला घुंगरं वाजत होती आणि धानात निंदण करणाऱ्या बाया मला हात जोडत होत्या.

मारुतीपुढं डफडं वाजत होतं. लेकरं रांगेत उभी, प्रत्येकाच्या हाती दोरी आणि दोरीला टीचभर नंदी. सगळ्यात पुढं नंदा! तिच्या हातीही दोरी होती. दोरीमागं अंगावर गोधडीची झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात खऱ्या बैलाची घंटा. चार पायांवर, म्हणजे दोन हात आणि दोन गुडघ्यांवर, टिकाराम!

नंदा खणखणीत आवाजात झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणत होती, "चाक नाही, शिंग नाही, बैल माहा काही कमी नाही! एक नमन गौरा पार्बती, हर बोला हर हर महादेव!"

"महादेव!" गाव ओरडलं. बैलही ओरडला!

गोमाजीनं डोळे चोळले. "हे काय गं गोदावरी?"

त्याची बायको गोदावरीबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. "काय म्हंजे? पोट्टीचा नंदी तुम्ही घेऊन फिरता गावभर, तिनं काय दगड ओढावा? जवाई म्हणाले, मी होतो. अन् आधी पुरन खाऊ घातलं म्या. सणाचा जवाई दारात आला, तं उपाशी ठेवू?"

चंद्रकांता आधी बघत राहिली. मग तिनं पदर तोंडात कोंबला. मग तोही पुरेना! हसता हसता खालीच बसली. टिकारामनं मान वर केली, बाशिंग एका डोळ्यावर घसरलं.

"दिवस बुडाला का जी?" त्यानं एवढंच विचारलं.

गोमाजीनं पश्चिमेकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हाये अजून बोटभर," तो म्हणाला. "ताबा मिळाला. उठा आता, गुडघे फुटले तुमचे."

पहिलं बक्षीस नंदाला मिळालं. मी आणलेल्या नंदीकडं कोणी पाहिलंसुद्धा नाही!

महिना गेला. घट बसायच्या आदल्या दिवशी चंद्रकांता एकटीच टेबलाशी आली. "तार करा जी."

मी आता शहाणा झालो होतो. लिहिलं: 'कुमारी नंदा, वय सात, पाय दोन, चाके नाहीत, शिंगे नाहीत, पाठवा.' दोन तासांत उत्तर आलं; तारवाल्या शिपायाला माझं टेबल ठाऊक. मी वाचून दाखवलं, "पोरगी येते. बैल पाहिजे असेल तर मीच येतो."

चंद्रकांता कडुनिंबाकडं पाहत राहिली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"लिवा," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"या."

"पुढं?"

"पुढं काही नाही. तुम्ही जास्त लिवलं का बिघडते."

एक शब्द! 'या'! यात चुकणार काय? ना नंदी, ना पक्ष, ना संपुष्टात. मी ऐटीत तार केली आणि घरी येऊन सुशीलाबाईला सांगितलंसुद्धा की आज एक मोडका संसार खुशालरावानं एका अक्षरात जोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. उघडतो तर टिकाराम! डोक्यावर ट्रंक, एका हाताला नंदा, दुसऱ्या हाती दोरी, दोरीला नंदी. नवा सदरा, केसांना तेल.

"या म्हटलं, आलो जी!" तो आनंदानं म्हणाला आणि इकडं तिकडं पाहू लागला. "चंद्रकांता आत हाये का?"

त्याच्या मुठीतली तार मी घेतली. मजकूर एक शब्दाचा. खाली माझं नाव, माझा पत्ता!

तिकडं आसगावात पुरणाचा घाट घातलेला, आणि इकडं नंदी आमच्या ओसरीवर. सुशीलाबाईनं तार वाचली. माझ्याकडं पाहिलं. तिनं टिकारामला पाट मांडला, पोरीच्या हातावर लाडू ठेवला आणि माझ्यापुढं पावतीपुस्तक आणून आपटलं.

"लिवा," ती म्हणाली. "जवाई ताब्यात मिळाला!"