खारं की गोडं

सासूबाई चार दिवस राहायला आल्या होत्या; खरं म्हणजे तपासणीलाच. जावयाने राहतं घर विकून शिडाची बोट घेतली आणि तो लेकीला घेऊन या निर्मनुष्य खाडीत नांगर टाकून बसला, हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं. दोघांनी परत यावं म्हणून त्या वर्षभर देव पाण्यात घालून बसल्या होत्या. "बोटीत एक जरी खोट दिसली, तर लेक माझ्याबरोबर परत येईल," असं त्यांनी पाय ठेवतानाच बजावलं.

मग त्यांनी झाडून सगळी भांडी पिण्याच्या पाण्याने भरून ठेवली. "तुमच्या त्या टाकीचा काय भरवसा?" जावई गालातल्या गालात हसला.

आणि आज दुपारी ओट्यापाशी बायको किंचाळली, "अरे, पायाखाली पाणी!"

जावयाने जमिनीची फळी उचलली. खाली पाणी डुचमळत होतं. बोटीवर अशा वेळी पाणी चाखून बघतात. गोडं लागलं तर टाकी गळतेय, खारं लागलं तर तळाला भोक. त्याने चार थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावले.

"गोडं आहे ना रे?"

"खारट."

"मी म्हटलंच होतं—" सासूबाईंनी सुरुवात केली.

"आई, नंतर म्हणा. आधी उपसा!"

उपसायला भांडी हवीत आणि भांडी तर काठोकाठ भरलेली. जावयाने मागचापुढचा विचार न करता ती सगळी समुद्रात रिकामी केली. तिघं घामाघूम होऊन उपसू लागली. पाणी काही हटेना. आसपास चिटपाखरू नव्हतं. किनाऱ्यावरची नारळाची झाडं तेवढी मख्खपणे बघत होती. बायकोला रडू कोसळलं. बोट बुडण्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख आईकडे राहायला जाण्याचं होतं.

अखेर पाणी थांबलं.

"जिंकलो!" म्हणत जावयाने प्यायला नळ सोडला. नळ दोनदा गुरगुरला आणि गप्प झाला.

बायको वर शेवटची बादली ओतत होती. जावयाने फळीखाली हात घातला. टाकीची नळी सांध्यातून निसटली होती. तिच्याशेजारी दाबून कोंबलेली मिठाची पिशवी होती, चिंब आणि रिकामी. सकाळपासून ती मांडणीवरून घरंगळत होती खरी. ती खाली आपण ठेवली नव्हती, बायकोनेही नाही.

त्याने सासूबाईंकडे पाहिलं. बुडू नये म्हणून फुगवलेलं जॅकेट गळ्यात घालून सासूबाई समुद्राकडे पाहत होत्या.

गोडं पाणी मिळायचं ते गाव दिवसभराच्या वाटेवर होतं. त्याच्या घशाला कोरड पडली. सासूबाई मुकाट्याने उठल्या, उशीखालून पाण्याची बाटली काढली आणि त्याच्यापुढे धरली. "घ्या, जावईबापू. आधी तुम्ही."

त्याने घोटभर पाणी पिऊन पिशवी खिशात कोंबली.

"काय सापडलं रे?" बायकोने वरून विचारलं.

"काही नाही गं. नळी निसटली होती आपोआप."

"होतं असं कधी कधी," सासूबाई म्हणाल्या. "बाकी बोट भक्कम आहे हो तुमची!"