तुल्योची उलटी टोपी

आमच्या वरच्या मजल्यावरचा तुल्यो उलटी टोपी घालून फिरायला लागला की माझी बायको सुनीता घरातल्या वस्तू तपासते.

"अहो, शिडी नेलीय वाटतं त्यानं!"

तिचा अंदाज सहसा चुकत नाही. एखादी वस्तू जागेवरून हलवली की तुल्यो टोपी उलटी करतो आणि ती परत जागेवर ठेवली की सरळ. आमचा कुकर त्याच्याकडे होता तेव्हा भर पावसात, चष्म्यावर पाणी झेलत तो बाजार करून आला. मी म्हटलं, "अरे, टोपी फिरव की." तो म्हणाला, "आधी कुकर, इंजेनिएरे." मी इंजिनिअर, म्हणून त्याच्या भाषेत हे नाव.

ही सवय गोल्फची. होलजवळ आपला चेंडू उचलताना जागेवर नाणं ठेवतात. ते दुसऱ्याच्या वाटेत येत असेल तर जरा बाजूला सरकवायचं आणि त्याचं झालं की आठवणीनं मूळ जागी आणायचं. विसरलात तर दोन फटक्यांचा दंड. तरुणपणी तुल्यो एकदा विसरला आणि तेव्हापासून टोपी फिरवू लागला.

तुल्यो इटालियन, धंदेवाईक गोल्फपटू. ओळख करून देतो तीच मुळी "तुल्यो, दुसरा" अशी. बावीस वर्षांच्या कारकिर्दीत तो एकदा दुसरा आला, पहिला कधीच नाही. मी हिशेबी माणूस. विचारलं, "आणि उरलेल्या वेळी?"

"उरलेल्या वेळी हवा खराब होती."

त्याची मुलगी लिझा पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा तो पोर्तुगालमध्ये खेळत होता. ती शाळेत जाऊ लागली तेव्हाही असाच कुठेतरी. शेवटी बायको मुलीला घेऊन हॅम्बर्गला निघून गेली. याबाबतीत मात्र तो हवेला दोष देत नाही. हल्ली तो इथे जर्मनीत, आमच्या ब्योबलिंगेन गावाबाहेरच्या मैदानावर हौशी लोकांना शिकवतो.

यंदा त्याला पन्नास पूर्ण झाली आणि ज्येष्ठ व्यावसायिकांच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. जिंकणाऱ्याला वर्षभर युरोपभर खेळायची संधी! तुल्यो जिन्यात नाचला. "पन्नाशीत कोण कामावर घेतं, इंजेनिएरे? माझी काठ्यांची बॅग तू उचल. तुला मोजता येतं आणि गप्प बसता येतं."

शेवटच्या होलवर तो एका उंच डॅनिश खेळाडूच्या एका फटक्यानं पुढे होता. मला मोजणंही सुचत नव्हतं. तुल्योचं नाणं डॅनिश माणसाच्या वाटेत येत होतं. तुल्योनं ते सरकवलं, टोपी फिरवली. त्या माणसानं चेंडू होलमध्ये घातला. आता तुल्योनं एका फटक्यात घातला की जिंकलाच!

तेवढ्यात दोरीपलीकडून हाक आली, "पापा!"

लिझा. न कळवता आली होती. तिनं बापाला खेळताना आजवर पाहिलंच नव्हतं. तुल्यो तिच्याकडे बघत राहिला, मीही बघत राहिलो. मग तो खाली वाकला, चेंडू ठेवला, नाणं उचललं आणि इतका सुंदर फटका मारला की चेंडू होलच्या कडेलाही न शिवता आत गेला.

मी बॅग टाकली आणि चक्क उडी मारली! लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना मान देण्यासाठी तुल्योनं टोपी काढायला कपाळाकडे हात नेला. बोटांना टोपीचं टोक लागेना. ते मागे होतं.

त्याचं हसू थांबलं. तो सरळ पंचांकडे गेला. "मी चुकीच्या जागेवरून खेळलो."

दोन फटके. एका फटक्यानं पुढे होता, एका फटक्यानं मागे पडला.

पार्किंगमध्ये लिझा जर्मनमध्ये चिडून म्हणाली, "पापा, कोणीच पाहिलं नव्हतं. कशाला सांगितलंस?"

"टोपीनं पाहिलं." मग माझ्याकडे वळून, "इंजेनिएरे, दुरुस्ती. तुल्यो, दोनदा दुसरा."

सुनीतानं विजयाचा शिरा करून ठेवला होता. "दुसऱ्या नंबरालाही शिरा असतो," म्हणत तिनं वाढला. लिझानं परत मागून घेतला. बाप तिला आजचे फटके चमच्यानं टेबलावर काढून दाखवत होता. ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर, पण तिथे तू माझ्याकडे का बघितलंस?" त्यानं तिच्या वाटीत आपल्या शिऱ्यातले बेदाणे टाकले.

संध्याकाळी लिझाला सोडायला मी दोघांना स्टेशनवर नेलं. तिची हॅम्बर्गची गाडी हलली. तुल्यो शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत हात हलवत राहिला. मग त्याच हातानं त्यानं टोपी पुन्हा उलटी केली.

आम्ही परतलो तेव्हा सुनीता दारातच उभी होती. तुल्यो वर गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "अहो, आता काय नेलं त्यानं?"

सवयीनं मी आत जाऊन पाहिलं. शिडी होती, कुकरही होता.

"आपलं काही नाही," मी म्हणालो.