एका खांबाला दोघे

"अर्ध्या तासाचं काम आहे," असं मासेलिनो गावसभेत उभं राहून सांगून बसला. सवाई बेटावरच्या त्या गावात सभेत दिलेला शब्द मागे घ्यायची सोय नाही, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. पण राजधानीत, आपियात तीन वर्षं शिकून आलेला नवा मास्तर, शहराची हवा लागलेली. बोलून गेला.

काम असं होतं. गावचे थोरले मताई, म्हणजे सगळ्या कुळांचे प्रमुख, ते ऊलू. त्यांची मुलगी लोसा ऑकलंडला एका ऑफिसात साफसफाई करते. त्या ऑफिसने बारा जुने संगणक मोडीत काढले, ते तिने मागून घेतले आणि बोटीने शाळेला धाडले. एकाच्याही पोटात डिस्क नव्हती. नुसते पडदे आणि कळफलक. सगळ्यांचं डोकं एकच, कोपऱ्यातला सर्व्हर. त्याला एक कायमचा नंबर द्यायचा, एकपासून दोनशे चोपन्नपर्यंत कुठलाही, की बाकीचे त्या नंबरावर त्याला गाठतात आणि कामाला लागतात. शुक्रवारी उद्घाटन होतं, आणि लोसा ऑकलंडहून पडद्यावर दिसणार होती. ऊलूंनी लेकीला सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी मंगळवारीच केस कापून घेतले होते.

गुरुवारी दुपारपर्यंत बाराही पडदे उजळले. मासेलिनो कोको पीत बसला होता, तेवढ्यात मुख्याध्यापिका मकेरिताबाई आल्या. त्यांनी सर्व्हरवरची चिठ्ठी वाचली.

"हा दोन नंबर?"

"हो, बाई."

"या सगळ्यांचा धनी हाच ना?"

"हाच."

"मग एक नंबर कोण?"

मासेलिनोने भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याकडे बोट केलं.

"परवा आलेला तो डबा पहिला, आणि ज्याच्या जिवावर शाळा चालायची तो दुसरा?" बाईंचा आवाज चढला. "उद्या ऊलू विचारतील, या पोराला घरी काही वळण लावलंय की नाही. मी काय सांगू?"

गावच्या सभाघरात कोण कुठल्या खांबाला टेकणार, हे पणजोबांच्या आधीपासून ठरलेलं आहे. चुकीच्या खांबावरून उठवलेल्या माणसाची गोष्ट त्याच्या नातवंडांनाही ऐकवली जाते. मासेलिनोने सर्व्हरला एक नंबर दिला आणि बाराही संगणकांना तसं कळवलं. डब्याचा नंबर बदलायचा तर पासवर्ड डबा बसवून गेलेल्या माणसाकडे, आणि तो फोन उचलेना. डबाच तो, काय बोलणार, असं म्हणून मासेलिनो घरी गेला.

डबा शुक्रवारी बोलला. जमिनीतल्या भट्टीत डुक्कर भाजत होतं, पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांचं गाणं झालं होतं, चर्चच्या पाळकांची पंचवीस मिनिटांची प्रार्थना संपली होती. ऊलू पडद्यासमोर ताठ बसले. पडद्यावर लोसाचं कपाळ आलं आणि गेलं. मग हनुवटी आली, तीही गेली. मग बाराही पडदे काळे पडले. मासेलिनोने तीनदा सगळं बंद करून चालू केलं. पाळकांनी आणखी एक प्रार्थना केली, या खेपेला छोटी.

"काय झालंय?" ऊलूंनी विचारलं. आवाज शांत होता, पण मुठी आवळलेल्या होत्या.

मासेलिनो त्यांच्यासमोर खाली बसला. "माझी चूक आहे, ऊलू. मी एकाच नंबरावर दोघांना बसवलं. एकाला हाक मारली की दोघेही ओ देतात."

"एका खांबाला दोघे?"

"हो. तो डबा आणि हा सर्व्हर."

"डबा काय करतो?"

"बाहेरच्या जगाशी बोलतो."

"आणि हा?"

"हा घरातच असतो. बोलत नाही, सगळ्यांचं बघतो."

"मग डबा वक्ता झाला की," ऊलू म्हणाले. "वक्त्याने समोरच्या खांबाला बसायचं आणि पाहुण्यांशी बोलायचं. माझा वक्ता माझ्या वतीने तास तास बोलतो, तेव्हा मी बाजूला गप्पच बसतो ना? त्याने माझा मान गेला का? हलव त्या सर्व्हरला."

मकेरिताबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. मासेलिनोने सर्व्हरला परत दोन नंबर दिला, बारा जणांना कळवलं, आणि थोड्याच वेळात लोसा अख्खी दिसली.

"बाबा, किती वाळलात हो."

ऊलूंनी आपल्या वक्त्याकडे पाहिलं, की बाबा, तू बोल. पण गावात कधी कुणाला बोलू न देणारा तो म्हातारा ढसाढसा रडत होता. मग बाप आणि लेक नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले. मासेलिनोनेही डोळे पुसले.

इथेच सगळं संपायचं. पण जेवताना मकेरिताबाईंनी सहज विचारलं, "मासेलिनो, मग तीन नंबर कुणाचा?"

पाळकांच्या बायकोच्या हातातला घास हातातच राहिला.

कुठल्या घरच्या पोरांना कितव्या नंबराचा संगणक, यावर शनिवारी सभा बसली. सोमवारी बसली, बुधवारीही बसली. अर्ध्या तासाचं काम अकराव्या दिवशी संपलं, आणि मास्तरांच्या स्वतःच्या संगणकाला सभेने एकमताने नंबर दिला: दोनशे चोपन्न.