मुऱ्हाळी छगनबापू

आमचे छगनबापू महिन्यातून दोन-तीनदा सातपुड्यात जातात आणि लोकांच्या बायका घेऊन खाली येतात. दिवसाढवळ्या, जीपमधून, बाईच्या सासूसमोर. म्हसावदमध्ये त्यांना याबद्दल कोणी चकार शब्द बोलत नाही. उलट स्टँडवरची रिकामटेकडी मंडळी हात वर करून विचारतात, "बापू, आज कितल्या लेकी लई उनात?" बापू खिडकीतून जितक्या आणल्या तितकी बोटं दाखवतात आणि जीप पुढे जाते.

या बाया पोटुश्या असतात, दिवस भरत आलेल्या. वरच्या पाड्यांवरून अवघडलेल्या बाईला ऐनवेळी खाली आणणं होत नाही, म्हणून बाळंतपणाआधी चार-आठ दिवस तिला दवाखान्याजवळ आणून ठेवायचं. हे खरं म्हणजे आमच्या संस्थेचं काम. ते बापूंनी आमच्या हातून कसं काढून घेतलं ते सांगतो. मी मूळ कळसाडीचा, संस्थेत रिपोर्ट लिहितो. बापू मला 'रिपोर्ट' अशीच हाक मारतात. माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, याची मला शंकाच आहे.

कंपनीचा निधी, संस्थेची माणसं, सरकारी दवाखाना आणि बापूंचं गोदाम, अशा चार टेकूंवर ती योजना उभी राहिली होती. बापूंचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. ते बंद केल्यापासून मागच्या गोदामात नुसते उंदीर नांदत होते. बापूंनी ते फुकट देऊन टाकलं. आम्ही भिंती रंगवल्या, आठ खाटा टाकल्या आणि दारावर पाटी लावली, 'माहेरघर'. नाव सरकारी योजनेतलं, आमच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं, पण पाटी झकास झाली होती.

बाई मात्र एक येईना. आम्ही पत्रकं वाटली, सभा घेतल्या, ॲम्ब्युलन्स पाठवली. ॲम्ब्युलन्स दिसली की बाया रानात पळायच्या. तीन महिन्यांत आमच्या आठ खाटांवर दोन शेळ्या तेवढ्या झोपून गेल्या. मी रिपोर्टात 'जनजागृती प्रगतिपथावर' असं लिहीत होतो.

एके दिवशी बापू आले. पाटीसमोर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "मुऱ्हाई कोन गया व्हता?"

मला कळेना. मुऱ्हाळी म्हणजे लेकीला सासरहून माहेरी आणायला जातो तो, बाप किंवा भाऊ. इथे त्याचा काय संबंध?

"ॲम्ब्युलन्स पाठवली होती, बापू."

"ॲम्ब्युलन्स बीमारले लेवाले जास, रिपोर्ट. लेकले लेवाले मानूस जास. माहेर लिखी टाकं आनि लेवाले कोनीच नही! अशी कोनती लेक येई?"

मी समाजकार्यात पदव्युत्तर पदवी घेतली आहे. त्या दिवशी ती मला चावली.

दुसऱ्या दिवशी बापू कडक इस्त्रीचं धोतर, लग्नातला कोट आणि पांढरी टोपी घालून जीपमध्ये माझ्या शेजारी बसले. मांडीवर शेव-गाठी आणि गुळाचं गाठोडं. पाड्यावर पहिल्याच घरी त्यांनी ओट्याखाली वहाणा काढल्या, सासऱ्याला रामराम घातला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मी लेकले लेवाले येल शे. चार दिन ठेवसू, धाडी दिसू."

सासरा गोंधळला. कोपऱ्यात एक म्हातारा विडी ओढत बसला होता, त्याच्याकडे बोट करून म्हणाला, "हिचा बाप तर हा बसलाय."

मला वाटलं, आता मार खातो. बापू ढिम्म. त्या म्हाताऱ्याला त्यांनी वाकून नमस्कार केला. "मंग तुम्ही मोठा बाप, मी धाकला बाप."

मोठा बाप खो खो हसला, त्याने धाकट्याला विडी दिली, आणि आमची पहिली खाट भरली.

त्यानंतर माहेरघर आमचं राहिलंच नाही. बापूंनी तिथे खऱ्या माहेरचे कायदे लावले. कोणी झाडू हातात घ्यायचा नाही. उन्हं वर आल्याशिवाय उठायचं नाही. सोबत सासू आली तर तिला पाहुणीसारखं बसवायचं, पण सुनेला हाक मारू द्यायची नाही. पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांना तुपातला शिरा खाऊ घातला. डोंगरातल्या बायांना तो काही गिळेना. बापूंनी दोन दिवस मनाला लावून घेतलं आणि मग त्यांच्या आवडीच्या भाजीसाठी मागच्या अंगणात अंबाडी पेरली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि झोके बांधतात. म्हणून बापूंनी निंबाला झोका बांधला. नऊ महिन्यांची बाई त्यावर चढलेली पाहून दवाखान्यातली सिस्टर चपला हातात घेऊन धावत आली. बापूंना ती जे बोलली ते मी रिपोर्टात लिहिलं नाही. पण आखाजीला झोका नसलेलं माहेर बापूंना मान्य नव्हतं. त्यांनी झोका ठेवला आणि खालून दोराने खुंटीला करकचून बांधून टाकला. बाया त्यावर रांगेत बसून गाणी म्हणायच्या. झोका तसूभर हलायचा नाही.

'लाभार्थी' या शब्दावर त्यांचा दात होता. मी चुकून म्हणालो की लगेच, "लाभार्थी नको मनू. लेकी शेतस त्या."

खाटा भरायला लागल्या तशी मुंबईहून निधी देणाऱ्या मॅडम पाहायला आल्या. बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांना हे मॉडेल इतर जिल्ह्यांत न्यायचं होतं. प्रत्येक तालुक्यात प्रशिक्षित मुऱ्हाळी, त्यांना ओळखपत्र, पाठीवर नाव छापलेलं जाकीट. बापूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "जाकीट घालीसन कोनी लेकले लेवाले जास का, बेन?" मॅडमनी जाकीट खोडलं. मग विचारलं, यात तुमची एक्झिट स्ट्रॅटेजी काय? मी भाषांतर केलं, शेवटी बाहेर कसं पडायचं ते विचारतायत. बापूंचा चेहरा उजळला. "ते शे ना आमनाकडे. बोयवन!" आणि बोळवणीला लेकीची ओटी कशी भरतो, बाळाला टोपडं कसं देतो, वेशीपर्यंत कोण कोण जातं, हे त्यांनी मॅडमना अर्धा तास सांगितलं. मॅडमनी सगळं लिहून घेतलं.

हसण्यावारी नेण्यासारखा माणूस आहे, पण त्यांच्याबद्दल एक गोष्ट गावाला पाठ आहे आणि त्यांच्यासमोर कोणी काढत नाही. बापूंना एकच आंडेर, म्हणजे लेक. भारती. सुरतेला नर्सिंग शिकायला गेली आणि तिथेच परजातीतल्या मुलाशी लग्न करून राहिली. बापूंनी तिचं नाव टाकलं. वर्षाने निरोप आला, भारतीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी. बापूंच्या बायकोने, आमच्या काकूंनी, डिंकाचे लाडू केले, डबा भरला आणि ओट्यावर ठेवला. रोज बापूंकडे बघत राहिल्या. बापूंनी मुऱ्हाळी म्हणून जायचं होतं. ते दुकानात बसून राहिले. दोन महिन्यांनी डब्याला मुंग्या लागल्या. तिकडे भारतीला मुलगा झाला. पुढे काकू गेल्या. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अंत्यविधीला भारती आली होती, बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मग एक दिवस बापूंनी दुकान बंद केलं.

हे आठवलं की मला त्यांचा राग येतो. असल्या गुणी माणसाने इतकं मूर्ख का असावं?

गेल्या उन्हाळ्यात त्यांची गाठ वेस्तीबाईशी पडली. तिची सून रुमली, पोटात जुळं, अंगात रक्त कमी. पहिलं बाळ घरीच जन्मून गेलेलं. दवाखान्यातून निरोपावर निरोप, हिला काहीही करून खाली आणा, घरी अडली तर मायलेकरं हाती लागायची नाहीत. बापू थाटात निघाले. जीप संपते तिथून तासभर चढण. ओट्याखाली वहाणा काढून त्यांनी आपलं भाषण म्हटलं.

वेस्तीबाई मोहाची फुलं पसरत होती. तिने वर न बघता पावरीत, म्हणजे डोंगरातल्या पावरा लोकांच्या बोलीत, विचारलं, "तुझी लेक कुठे आहे?"

मला पावरी पोटापुरती येते. मी भाषांतर करायचं टाळलं. पण बापूंना ती आता कळत होती.

"तुझ्याकडे राहून आलेल्या बाया सांगतात," वेस्तीबाई म्हणाली, "घर चांगलं, खायला चांगलं. पण म्हाताऱ्याची लेक कधी दिसत नाही. विचारलं की तो अंबाडीला पाणी घालायला जातो. पोटची येत नाही त्या घरी मी माझी सून कशी धाडू? काहीतरी खोट असेल."

बापूंनी वहाणा घातल्या. गाठोडं ओट्यावरच विसरले. जीपमध्ये म्हसावद येईपर्यंत ते टोपी काढून मांडीवर तिची घडी घालत राहिले. मी बापूंना असं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला भीती वाटली.

तीन दिवसांनी सकाळी ते माझ्या दारात उभे. कोट नाही, टोपी नाही. "चाल, रिपोर्ट."

पुन्हा ती चढण. वेस्तीबाई अंगणातच होती. बापू यावेळी ओट्यावर चढले नाहीत, खालीच मातीत बसले.

"मन्ही आंडेर येत नही," ते म्हणाले, "कारन मी लेवाले गवूच नही. घरमा खोट नही, बाई. मन्हामा शे. तिनी माय डबा भरीसन वाट देखत ऱ्हायनी, मी हालनू नही. तुन्ही सून धाड. मन्हा पाप तिन्हा अंगवर नको काढू."

अर्धं तिला समजलं असेल, अर्धं मी सांगितलं.  वेस्तीबाई उठली. मग घरात वळून तिने रुमलीला हाक मारली आणि एका फडक्यात दोन लुगडी बांधायला घेतली. एक सुनेचं, एक स्वतःचं.

रुमली खाली आली म्हणून वाचली. तसं डॉक्टरच म्हणाले. बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवावं लागलं, पण दोन्ही पोरी रडल्या. बापू दवाखान्याच्या पायरीवर टोपीने डोळे पुसत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घाम किती येतो ते सांगत होते.

बोळवणीच्या दिवशी रुमलीची ओटी भरली, दोन टोपडी झाली. रुमलीचा नवरा न्यायला आला होता. पोरी घेऊन दोघं जीपमध्ये बसले. वेस्तीबाई बसेना. ती माहेरघराच्या उंबऱ्यावर जाऊन टेकली.

"आता तू जा," ती बापूंना म्हणाली.

"कोठे?"

"लेकीला आणायला."

बापूंनी सबबी काढल्या. अंबाडीला पाणी कोण घालेल? परवा दोन बाया यायच्या आहेत, त्यांना कोण बघेल? घर उघडं टाकून कसं जाऊ?

"मी आहे ना इथे," वेस्तीबाई म्हणाली. बापूंच्या सबबी तिथे संपल्या.

मी त्यांना मोटरसायकलवर नंदुरबारला सोडलं. स्टेशनवर ते एका दुकानासमोर खोळंबले. डोंगरातल्या कुठल्या बाईला काय गोड लागतं ते त्यांना तोंडपाठ, आणि इथे फळं बघतायत, फरसाण बघतायत, हात पुढे करतायत, मागे घेतायत. शेवटी मला हळूच विचारलं, "ती आते काय खास व्हई रे?" ती हल्ली काय खाते, मला काय माहीत!  सुरतेची गाडी लागली, बापू रिकाम्या हातांनी चढले.

उद्या येतो म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन लावला तर बंद. माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. दारातूनच हाकललं असेल आणि म्हातारा कुठल्या तरी फलाटावर बसला असेल. मी वेस्तीबाईला तसं बोललो. ती एका नव्या बाईच्या केसांना तेल लावत होती.

"सोयऱ्याला कोणी लगेच सोडतं का?" ती म्हणाली.

चौथ्या दिवशी दुपारी नव्याच नंबरवरून फोन आला. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती, एक पोरगा मोठमोठ्याने काहीतरी विचारत होता.

"रिपोर्ट," बापू म्हणाले, "मन्हा घरमा माळ्यावर गाद्या शेतस. त्या काढ. उनमा टाक."

"कितल्या?"

पलीकडे बापूंनी तोंडातल्या तोंडात माणसं मोजली. 

"तीन टाक रे भो."

मी आणि वेस्तीबाईने बापूंच्या घराचं कुलूप काढलं, माळ्याला शिडी लावली. गाद्या इतक्या वर्षांत कोणी हलवल्या नव्हत्या. अंगणात खाटेवर टाकून झोडपल्या तेव्हा धुळीने आम्हा दोघांनाही शिंकाच शिंका आल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते धुळीचं आहे, असं मी तिला मराठीत सांगितलं. पावरीत सांगायला मला सुचलंच नाही.