झाडाला मूठमाती

सामान हलवावं तर मीच! लोकांचं चंबूगबाळं एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवणं हा माझा धंदा. तिसऱ्या मजल्यावरून पियानो उतरवलाय मी, तोही मालकीणबाई वाजवत असताना! (थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.) मग असल्या गड्याला स्वतःच्या घरात एक झाड लपवणं काय जड जाणार?

लपवायचं होतं पप्पांपासून. पप्पा म्हणजे माझे वडील. मागच्या खोलीत खाटेला खिळलेले. 'हा हिवाळा निघेल असं वाटत नाही,' असं डॉक्टर मला दाराबाहेर नेऊन सांगून गेले होते. पण पप्पांची मतं मात्र ठणठणीत होती. नाताळचं झाड म्हणजे मूर्तिपूजा! प्रभूचा जन्म हिवाळ्यात झाला असं शास्त्रात कुठं लिहिलंय? दाखवा! आणि तो लाल डगलेवाला म्हातारा? "लेकरांना आज त्याची थाप मारता," पप्पा म्हणायचे, "उद्या मोठी झाल्यावर त्यांना प्रभूसुद्धा थापच वाटेल." खरं सांगतो, यावर मला कधीच उत्तर सुचलं नाही.

माझ्या ताईला सुचलं होतं. लग्नाआधी एका नाताळला तिनं बैठकीत झाड उभं केलं. पप्पांनी ते अंगणात नेऊन जाळलं. ताईनं ते जळताना शेवटपर्यंत पाहिलं, बॅग भरली आणि गेली. दुसऱ्या शहरात नोकरी, तिथंच लग्न. लग्नाला पप्पा गेले नाहीत. आईच्या मातीला ती आली, पण बापलेक थडग्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. त्यानंतर घरात तिचं नावही निघालं नाही.

आणि यंदा माझ्या लेकीनं हट्ट धरला, "मला झाड हवं!" बायको म्हणाली, "आणा ना! पप्पा खोलीतून उठतात कुठं? दार लावून ठेवू."

आणलं! खरंखुरं, माझ्या डोक्याएवढं! लेकीनं त्याला चंदेरी झिरमिळ्या लावल्या. एकच गोष्ट आम्ही विसरलो, ती म्हणजे वास. पप्पांचे पाय थकले होते, नाक नाही.

"कसला वास येतोय?" आतून आवाज.

"फिनाईलचा!" बायको ओरडली, आणि ते खरं करायला तिला सगळं घर पुसावं लागलं. दिवसातून दोनदा. डोळे लालबुंद, पाणी थांबेना. घराचा इस्पितळातला वॉर्ड झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून पाहतो तर वचनकाका आणि काकू फाटकातून आत येताहेत! वचनकाका म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे. शिंक आली तरी तिच्यावर शास्त्रातलं वचन सांगतील. झाडाच्या बाबतीत पप्पांहून कडक.

मी कामाला लागलो. झाड आडवं केलं, पांढऱ्या चादरीत गुंडाळलं, वर, मध्ये आणि खाली दोरी आवळली, अगदी धंद्यातल्या सफाईनं. स्वयंपाकघराच्या दारातून ते वळेना, म्हणून दिवाणावर ठेवलं. लेकीनं भोकाड पसरलं. बायकोनं दार उघडलं.

काकांनी दिवाण पाहिला. टोपी काढली. बायकोचे डोळे पाहिले.

"बाबांनी दोरीनं बांधलं!" लेक हुंदके देत म्हणाली. "मी नको नको म्हणत होते!"

"कधी झालं हे?" काकांनी हळूच विचारलं.

संपलं! कळलं यांना! मी मान खाली घातली. "परवा."

"परवा! आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सहन झालं नसतं, काका."

"पण परवापासून... असं घरातच?"

"हो ना. सारखं पाणी मारतोय. नाहीतर एव्हाना सगळं वाळून गेलं असतं."

काकूंनी नाकाला पदर लावला. "वास सुटलाय हो."

"म्हणून तर फिनाईल!"

"आणि पुढचं काय ठरवलंयस?" काकांनी टोपी छातीशी धरली.

"पुढचं काय? नाताळ झाला की कोपऱ्यावर टाकून येईन. सकाळी कचऱ्याची गाडी येतेच."

काकू मटकन खाली बसल्या.

"वजन फार नाही, काका," मी धीर दिला. "एकटा उचलतो."

काकांनी टोपी दिवाणाच्या कडेला ठेवली. मग गुडघे टेकून त्यांनी दिवाणावर हात ठेवला आणि म्हणाले, "प्रभो, आमच्या बंधूला तुझ्या पदरात घे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला!  हे पप्पा नाहीत म्हणावं, तर मग काय आहे ते सांगावं लागणार! मी विचार करत उभा राहिलो, आणि तेवढ्यात काकू बाहेर जाऊन फोनला लागल्या.

काका प्रार्थना करत होते. "कडक माणूस होता, प्रभो. पोटच्या पोरीचं झाड यानं जाळलं. आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. कोणी हात धरला नाही. उलट शाबासकी दिली. पोर गेली. नंतर कितीदा मनात आलं, याला म्हणावं, जा, घेऊन ये तिला. म्हटलंच नाही. आता कोणाला म्हणू?"

"कोण गेलं रे?"

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतीला धरून पप्पा उभे. अंगावर नुसता सदरा. किती वेळ ऐकत होते कोण जाणे!

काकांच्या तोंडून पहिल्यांदाच एकही वचन निघालं नाही.

पप्पा सरकत सरकत दिवाणापाशी आले. वरची गाठ सोडायला त्यांना फार वेळ लागला. मदत करायची कोणाची छाती झाली नाही. चादर सरकली, झिरमिळ्या बाहेर लोंबल्या. पप्पांनी झाडाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं.

"चूक ते चूकच," ते म्हणाले. "बाहेर काढ."

मी झाड बाहेरच्या जिन्यात नेऊन ठेवलं. परत आलो तर माझ्या पाठोपाठ शवपेटी बनवणारा! हातात टेप. काकूंचा फोन त्यालाही गेला होता.

"माप घ्यायला आलो होतो," तो पप्पांकडे बघत चाचरला.

"आलायस तर घे," पप्पा म्हणाले. "खांद्याशी जरा सैल ठेव."

कोणी हसलं नाही. त्यानं खरंच माप घेतलं.

मग पप्पांनी काकूंना विचारलं, "थोरलीला कळवलंत?"

"कळवलं हो," काकू रडवेल्या झाल्या. "निघालीय ती. आता फोन लागत नाही."

पप्पा खोलीत गेले नाहीत. दिवाणावर बसून राहिले, दाराकडे तोंड करून. मी शाल घातली, ती त्यांनी ठेवून घेतली.

संध्याकाळी ताई आली. हातात पांढऱ्या फुलांचं चक्र, केस विस्कटलेले. उंबऱ्यातच थबकली.

"उशीर केलास," पप्पा म्हणाले.

"तुम्ही... गेला नाहीत?"

"अजून नाही."

ती रडेल असं मला वाटलं. ती भडकली! "मग मी जाते!"

"जेवून जा."

ती जेवली. जेवताना दोघं भांडली. शास्त्रात झाड कुठंय, आणि जाळायचं तरी कुठं सांगितलंय? कोणी एक इंच मागं हटलं नाही. माफी कोणी मागितली नाही. पण ताई त्या दिवशी गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पप्पांना भरवायची, आणि घास गिळला की वाद पुढे सुरू. लेक जिन्यातल्या झाडाला रोज पाणी घालायची. आडव्या झाडाला पाणी कुठं घालायचं हे तिला कोणी सांगितलं नाही. ते वाळत गेलं.

पप्पाही. नवं वर्ष त्यांनी पाहिलं नाही. पहाटे ताई उशाशी असताना गेले. काहीतरी म्हणत होते, ताईला ते नीट कळलं नाही. अर्धं वाक्य होतं म्हणाली. वादातलंच असेल.

मी डोळे पुसले आणि सगळ्यात आधी वचनकाकांना फोन लावला.

"काका, पप्पा गेले."

 मग खाकरून ते म्हणाले, "बाळा, फोन जरा त्यांनाच दे बघू."