नऊ मिनिटांचे चार तास

बाळान्नातला ओलावा मोजण्याची पद्धत साधी होती: नमुना तोलायचा, भट्टीत चार तास वाळवायचा, पुन्हा तोलायचा. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. ते पाच टक्क्यांवर गेलं की माल नापास. काम झटपट व्हावं म्हणून प्रयोगशाळेने मायक्रोवेव्ह घेतला. तो हेच काम नऊ मिनिटांत उरकी.

तपासनीस बाईंना हायसं वाटलं. पाळणाघर सहाला बंद होई, आणि जरा उशीर झाला की तिथल्या मावशी लेकीला बूट घालून दारातच बसवत.

"नऊ मिनिटं कशी लिहाल?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "तक्त्यात छापलंय, किमान चार तास."

"सर, तो तक्ता भट्टीचा आहे."

"नवा मंजूर होईपर्यंत यालाच भट्टी समजा."

"चार तासांत कोळसा होईल, सर!"

"चालवा कोण म्हणतंय? नऊ मिनिटं चालवा, बाकीचा वेळ नमुना थांबेल. आपण नाही का थांबत?"

नमुना थांबू लागला. वाळलेले नमुने ठेवायची झाकणाची कोरडी काचपेटी जुन्या भट्टीच्या नावावर नोंदलेली, त्यामुळे तो उघड्यावर, वाफाळत्या चहाच्या किटलीशेजारी थांबे. वाळलेली भुकटी ती, हवेतला दमटपणा आधाशासारखी पिई.

एके दिवशी गुठळ्या झालेला, कुबट वासाचा नमुना आला. बाईंच्या नाकाने त्याला तिथल्या तिथे नापास केलं. पण तक्त्यात नाकाचा रकाना नव्हता. चार तासांनी वजन भरलं ते तंतोतंत पहिल्याइतकं. घट शून्य, म्हणजे ओलावा शून्य.

"अतिउत्तम श्रेणी!" साहेब खूश.

"सर, अहो गुठळ्या बघा ना. पुन्हा करू या."

"करा की. साडेपाच झालेत. साडेनऊला निकाल द्या."

बाईंच्या डोळ्यांपुढे दारातले ते छोटे बूट आले. त्यांनी सही ठोकली आणि धावत सुटल्या.

महिन्याभराने नवरा लेकीला भरवत होता. लेक तोंड फिरवत होती.

"अगं, नवा डबा फोडलाय, तरी खात नाहीये. वास येतोय का गं याला?"

बाईंनी डबा उलटा केला. ओलावा शून्य. अतिउत्तम. शिक्का, आणि खाली छापलेली स्वतःचीच सही. त्यांनी डबा थेट केराच्या बादलीत टाकला.

"अगं, शिक्का होता की त्यावर!"

"म्हणूनच."

त्या खेपेचे बाकीचे डबे दुकानांतून केव्हाच खपले होते, शिक्का बघूनच. तुमच्या फडताळातला एखादा उलटा करून बघा. सही जरा घाईतली आहे.