गुलाल लावलेल्या मुंग्या

आमच्या उत्तमकाकांच्या बाजेचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत असत. मुंग्या चढू नयेत म्हणून. वाटीतलं पाणी आटलं का, हे बघायला ते जेवता जेवता उठत. मी आधी हसलो. नंतर त्यांची भीती मलाही लागली.

काका माझे चुलते. काकू गेल्यावर अंतरवालीच्या मोसंबीच्या बागेत एकटेच राहत. मी शहरात, मस्तगडला राहणारा मास्तर. फार दिवस गेलो नाही की मन खायचं, मग स्कूटर काढायचो.

त्या वर्षी बागेत मुंग्या झाल्या. त्या झाडावरच्या पिठ्या ढेकणांची राखण करतात, ढेकूण रस पितात आणि फांदी वाळते. मी औषधाचं नाव काढलं की काका म्हणत, "पह्यले घरात माणसं किती ते बघ. मंग दारात जा."

त्यांची मोजणी न्यारी होती. राजूरच्या गणपतीचा गुलाल ओंजळभर मुंग्यांवर भुरभुरायचा आणि त्या वारुळावर सोडायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओंजळभर धरायच्या. लाल पुष्कळ निघाल्या तर घर लहान, थोड्या निघाल्या तर मोठं.

एकदा गेलो तर काका पांढरेफटक.

"माधवा, एकबी लाल न्हाई रे! परत परत करून पाह्यलं. म्हंजे खाली किती असतील?"

"जमीन पोकळ करतील की काय?" मी थट्टा केली.

"करतील काय, केली! उद्या करवतवाले बोलावलेत. बाग तोडून टाकतो."

काकूंनी घागरीने पाणी घालून जगवलेली बाग! पायाखाली काही हलतंय असं वाटून मी चपला झटकल्या. काकांनी बागेकडे मान वळवली, तेव्हा त्यांच्या कानामागे गुलालाचा जुना, वाळलेला पट्टा दिसला. मागच्या आठवड्यात ते राजूरला गेले होते. सांगावं असं मनात आलं, पण राहिलं.

त्यांनी माझ्यासमोर पुन्हा गुलाल भुरभुरला. मी घाबरतच वारुळाशी उकिडवा बसलो. लाल झालेली एक मुंगी तोंडाशी थांबली. आतून दोघी आल्या आणि तिला चाटू लागल्या. पाय, पोट, मिशा. थोड्या वेळात ती पहिल्यासारखी काळी होऊन आत गेली. मागोमाग दुसरीचंही तेच.

"काका, या एकमेकींचा गुलाल काढतात हो! लाल सापडणार कुठून?"

काका गुडघे टेकून वाकले. बराच वेळ उठलेच नाहीत.

"आयला, बराबर हाये की. फुकट भ्यालो." ते हसले. "करवतवाल्यांना जल्दी निरोप धाड, येऊ नका म्हणाव."

मग वारुळाकडे बघतच हळू म्हणाले, "यांच्यात पुसायला हाये बाबा कुणीतरी."

मी बाजेखालच्या वाटीत काकांच्या उपरण्याचं टोक बुडवलं आणि त्यांच्या कानामागून फिरवलं. काकांनी मान जराशी खाली केली.